एकच गिऱ्हाईक

"शुक्रवारी अकरा वाजता माह्या घरी ये. नाई आला, तर माह्या मयतीलेबी येऊ नको."

कलाबाईंनी फोनवर दोन्ही भावांना हेच सांगितलं, एक शब्दही न बदलता. आधी मोठ्या मनिरामला, मग धाकट्या केशोरावला. पलीकडून दोघांनीही काही विचारलं नाही. कशासाठी बोलावलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी एकच पत्र दोघांच्या दोन कारखान्यांत पोचलं होतं.

मुर्री गावातल्या घरामागे धानाची मळणी चालू होती. कलाबाईंचे यजमान छोटेलाल सकाळपासून मशीनपाशी होते. पाहुणे येणार म्हणून त्यांनी मशीन तासभर बंद ठेवू का, असं विचारलं होतं. कलाबाई म्हणाल्या, "चालू राहू द्या. आवाज असला म्हंजे हे दोघं हळू बोलनार नाईत. मले सगळं आयकू आलं पायजे."

मनिराम पावणेअकरालाच आला, मुलगा हिमांशूच्या गाडीतून. केशोराव बरोबर अकराला, लेक रिंकूच्या स्कूटरवर मागे बसून. ओसरीच्या दोन टोकांना दोघं बसले. मधे रिकामी सतरंजी. एकोणीस वर्षांत दोघं एका छपराखाली बसले ते आईच्या तेरवीला, आणि तेव्हाही मधे पंगत होती.

कलाबाई दोघांच्या मधली बहीण. त्यांनी दोघांकडे पाहिलं. मनिरामचे खांदे उतरले होते. अडुसष्टाव्या वर्षी तो बापासारखा दिसू लागला होता, लाखेच्या भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या केवलरामसारखा. केशोरावनं केस काळे केले होते, पण भांगात पांढरं उगवलं होतं, हे बहिणीच्या नजरेतून सुटलं नाही. त्या मनात म्हणाल्या, दोघंही म्हातारे झाले, आणि तेवढं एकमेकांना सांगायलाही कोणी नव्हतं.

"हिमांशू, पत्र वाच," त्या म्हणाल्या. "मराठीत सांग. तुह्या बापाले समजलं तसं नको सांगू. जे लिवलं आहे ते सांग."

हिमांशूनं फोन काढला. मनिरामचा चपडा, म्हणजे लाख धुऊन, वितळवून केलेले पातळ पापुद्रे, अमेरिकेच्या एका कंपनीला जात होता. केशोरावचा चपडा जर्मनीच्या कंपनीला, हांबुर्गला. औषधाच्या गोळ्यांवर, सफरचंदांवर जो चकचकीत थर असतो तो त्याचाच. उन्हाळ्यात त्या दोन कंपन्या एक झाल्या. नाव दोन्हींचं जोडून ठेवलं, कार्यालय हांबुर्गला राहिलं. आणि आता त्यांनी कळवलं होतं की, गोंदिया जिल्ह्यातून त्यांना यापुढे एकच पुरवठादार हवा आहे. सोमवारी दुपारी साडेतीनला दोन्ही मालकांशी व्हिडिओवर बोलणं होईल. त्यानंतर एकाचं नाव ठरेल.

"म्हंजे गिऱ्हाईक एकच उरला," कलाबाई म्हणाल्या.

"एकच, आत्याबाई."

"पन ते दोघं एक झालेच काऊन? भांडत होते का?"

हिमांशूनं रिंकूकडे पाहिलं. ती नागपूरला रसायनशास्त्र शिकून आलेली, वडिलांच्या कारखान्याची प्रयोगशाळा तिच्याच हातात. चुलत भावाच्या त्या नजरेत ओळख होती, आणि ती मनिरामला खटकली.

"आत्याबाई, आधी प्रत्येक देशाच्या वेशीवर जकात होती," रिंकू म्हणाली. "तिकडचा माल इकडे आणायचा तर भारी पडायचा. म्हणून ज्या देशात विकायचं तिथंच ज्याचा त्याचा कारखाना. मग सरकारांनी करार केले, जकात उतरली, वेशी मोकळ्या झाल्या. आता हांबुर्गला बसून न्यू जर्सीत माल विकता येतो. मग दोन कारखाने, दोन गोदामं, खरेदीची दोन माणसं कशाला? दोघांनी हिशेब केला आणि एक झाले."

"वेशी मोकळ्या झाल्या तवा तुहा बाप नाचला होता," मनिराम म्हणाला. तो रिंकूशी बोलत होता, पण पाहत अंगणाकडे होता. "एक्याण्णव सालची गोठ. त्याच्या आधी आपला माल कलकत्त्याचा आडत्या नेत होता. तो म्हनेल तो भाव. हा म्हने, आता कोनाची गरज नाई, आपुन सिद्धा जर्मनीले पाठवू."

"पाठवला का नाई?" केशोराव म्हणाला. भावाला उद्देशून त्याचे हे एकोणीस वर्षांतले पहिले शब्द. "फॅक्सची मशीन मी आनली. पयला कंटेनर मी भरला. बाबा रेल्वे टेशनावर रडले होते."

"मंग थायलंडची लाख आली तवाबी रडले."

"दार उघडलं का दोन्हीकडून वारा येते, भाऊ. मी काय एकाच बाजूनं उघडू?"

कलाबाईंनी हात वर केला. "आता भावाचं सांगा. कोनी किती कमी केला?"

दोघांनी आपापल्या लेकरांकडे पाहिलं.

"बाबा, सांगा," रिंकू म्हणाली.

केशोराव चष्मा पुसत राहिला, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं. कंपनीनं दोघांना दर विचारले. मग दोघांनाही सारखंच लिहिलं की, दुसऱ्या पुरवठादाराचा दर तुमच्याहून कमी आहे, फेरविचार करता का. केशोरावनं उतरवला. मनिरामनं त्याच्याखाली नेला. असं तीनदा झालं. आता दोघंही इतक्या खाली आले होते की, त्या दरात लाख विकत घेऊन धुवायचीही सोय नव्हती.

"तुले माहा भाव कसा समजला?" मनिरामनं पुतणीला विचारलं.

हिमांशूनं मान खाली घातली. "मी सांगितला, बाबा. आणि तिनं मले काकाचा. मंगळवारी कुडव्याच्या चौकात भेटलो आम्ही. त्याच दिवशी आत्याबाईकडे आलो."

मनिराम उठला. त्याला वाटलं, आपल्या पाठीमागे पुन्हा एकदा तेच झालं. एकोणीस वर्षांपूर्वी भावानं केलं, आता पोटच्या पोरानं. त्यानं चपला पायात सरकवल्या.

"बस, भाऊ," कलाबाई म्हणाल्या. "अजून एक मानूस यायचा आहे."

तेवढ्यात अल्का आलीच. मनिरामच्या कारखान्यात लाख निवडणाऱ्या एकतीस बाया होत्या, त्यांची ती मुकादम. काड्या, साल, माती हातानं वेगळी करायची, मग दाणा धुण्याला जायचा. चाळिशीची, सडसडीत, बोलायला तिखट. वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं आत पाऊल टाकताच विचारलं होतं की बायांसाठी पाण्याचा माठ वेगळा आहे का, आणि असेल तर ती आत्ताच परत जाते. मनिरामनं तेव्हा स्वतःच्या माठातलं पाणी तिच्यासमोर पिऊन माठ तिच्याकडे सरकवला होता. तेव्हापासून ती त्याच्या तोंडावर खरं बोलत आली.

"मालक, तुमी उभे काऊन? जाऊन रायले का?" तिनं विचारलं.

मनिराम परत बसला.

"माही नणंद यायच्याकडे काम करते," अल्कानं केशोरावकडे बोट केलं. "एका घरातून दोघी निघतो. कुडव्याच्या नाक्यावर ती तिकडं वळते, मी इकडं. परवा दोघीले एकच सांगनं आलं का रोज कमी होईल. तिले सांगितलं, मोठा मालक भाव पाडते म्हून. मले सांगितलं, लाहान मालक पाडते म्हून. संध्याकाळी आमी दोघी चुलीपाशी बसून हासलो. मंग हासनं थांबलं." तिनं पदर सारखा केला. "माहा भाऊ नागझिऱ्याकडं पळसावरची लाख तोडते. त्याले बी तुमच्या दोघायचे दलाल कमीच भाव सांगून रायले. तुमी भांडा, मालक. तुमचं घर आहे. पन तुमी एकमेकाले जे मारून रायले ते आमाले लागते."

मळणीची मशीन मागे धडधडत होती. अल्कानं पाणी घेतलं आणि ती कलाबाईंजवळ जमिनीवर बसली. कलाबाईंनी तिला हाताला धरून बाजेवर घेतलं.

केशोरावला त्या क्षणी वाटलं की, आता जे काही बोलायचं ते बोलून टाकावं. रोजाचं, दराचं नव्हे. दुसरंच. पण सुरुवात त्याच्यानं होईना. ती मनिरामनं केली.

"दोन हजार सहाले तुही वहिनी नंदा नागपूरले दवाखान्यात होती," मनिराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दोन महिने. किडनीचं आपरेशन. मी खाली फरशीवर झोपत होतो. घरी आलो तं जर्मनीचं गिऱ्हाईक तुह्या नावावर. नवी फर्म, नवा शिक्का. लोकायले वाटते मी त्याच्यासाठी बोलत नाई. गिऱ्हाईक गेला तं गेला, मी अमेरिकेचा शोधला." तो थांबला. "दोन महिन्यात तू एक डाव दवाखान्यात आला नाई. नंदा रोज विचारे, केशो आला का. मी म्हनो, कामात असन."

रिंकूला हे ठाऊक नव्हतं. घरात तिला कायम सांगण्यात आलं होतं की, मोठ्या बाबांनी धंद्यावरून संबंध तोडले. तिनं वडिलांकडे पाहिलं.

केशोरावनं चष्मा काढला. "जर्मनीवाल्यानं पंधरा दिवस देल्ले होते. प्रयोगशाळा पायजे, नवी जागा पायजे, लिहून पायजे. तुह्याजवळ यावं म्हनलं तं वाटलं, तू नाई म्हनशील. तू हरेक गोठीले आधी नाई म्हनत होता. म्हून मी माह्या नावानं सही केली." त्याला पुढचं जड गेलं. "आन् सही केल्यावर कोनत्या तोंडानं येऊ? नागपूरपर्यंत आलो होतो एक डाव. दवाखान्याच्या गेटावर चहा पेलो आन् वापस आलो."

"वर आला असता तं," मनिराम म्हणाला. मग त्यानं पायातल्या चपला काढून ठेवल्या.

कलाबाई उठून आत गेल्या. जेवण वाढायचं होतं. भाताचं पातेलं उतरवताना त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि अल्काला हाक मारून ताटं घ्यायला सांगितलं. त्या दिवशी सगळे एकाच ओळीत जेवले. बोलणं मात्र सोमवारचंच झालं. दोन्ही पोरांनी ठरवलं होतं ते त्यांनी मांडलं: दोन नावांनी उभं राहायचं नाही, एका नावानं राहायचं. त्या कंपन्या जर एक झाल्या, तर आपणही एक.

"मी हो म्हनलं नाई अजून," मनिराम हात धुताना म्हणाला.

"तू आधी नाईच म्हनते," कलाबाई म्हणाल्या, आणि केशोरावला हसू आवरेना.

*

सोमवारी साडेतीनला रिंकूच्या प्रयोगशाळेत लॅपटॉप लावला होता. मनिराम आला नव्हता. हिमांशूनं दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. पडद्यावर हांबुर्गची बाई आली. पन्नाशीची, केस आखूड, मागे पावसानं भिजलेली खिडकी. तिनं आपलं नाव सांगितलं, आनेग्रेट. दुसरे मालक कुठे आहेत, असं तिनं विचारलं.

रिंकू उत्तर देणार तेवढ्यात दार ढकलून मनिराम आत आला. कारखान्याचेच कपडे, हाताला लाखेचा वास. केशोरावनं स्वतःची खुर्ची सोडली. मनिराम तिच्यावर न बसता खिडकीपाशी उभा राहिला.

रिंकूनं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. दोन कारखाने आता एकत्र दर देत आहेत. दर पहिल्यांदा दिला होता तोच. नंतर उतरवलेले तीनही दर मागे घेत आहोत, कारण त्या दरात माणसांना नीट रोज देता येत नाही, आणि असा बनवलेला माल औषधाच्या गोळीवर लावू नये. माल हवा असेल तर दोघांचा मिळून मिळेल.

पडद्यावरच्या बाईनं समोरचे कागद चाळले. मग म्हणाली, पहिला दर पुरा देणं तिच्या हातात नाही, पण दुसरा ती मंजूर करू शकेल, आणि करार तीनऐवजी दोन वर्षांचा होईल. मात्र जागा एकच हवी. दोन ठिकाणची तपासणी करायला त्यांच्याकडे आता माणसंच नाहीत.

"काय म्हनते?" मनिरामनं विचारलं.

रिंकूनं सांगितलं.

"मानसं काऊन नाईत, इच्यार तिले."

रिंकूला तो प्रश्न धंद्यातला वाटला नाही, पण तिनं विचारला. बाई किंचित हसली, आणि ते हसू टिकलं नाही. तिनं सांगितलं की, दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा खरेदीचे दोन विभाग होते, एक हांबुर्गला आणि एक न्यू जर्सीत. आता एक आहे. त्यांतून ती उरली.

"आन् दुसरी कोन होती?" मनिराम म्हणाला. "अमेरिकेतून मले जे पत्र यायचे, खाली हातानं दोन ओळी लिवलेले. दिवाळीले शुभेच्छा देत होती ती बाई. ती कुठं गेली?"

रिंकूनं हेही विचारलं. बाईनं खिडकीकडे पाहिलं. "ती माझी मैत्रीण होती," ती म्हणाली. "बावीस वर्षं आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांत एकच काम करत होतो. एकमेकींच्या विरुद्ध. जूनपासून मी तिला फोन केलेला नाही. मला काय बोलावं ते सुचत नाही."

रिंकूनं ते मराठीत सांगितलं. मनिरामनं ऐकून घेतलं. मग तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

"सांग तिले, जागा एकच राहील," तो म्हणाला. "ही, कुडव्याची. धुण्याचं पानी साफ करायची मशीन इथं आहे, प्रयोगशाळा इथं आहे. माह्याकडं बाबाच्या भट्ट्या आहेत. त्या तपासनीत टिकनार नाईत."

"बाबा," हिमांशू म्हणाला.

"माही एक अट आहे, अन् ती केशोले आहे, तिले नाई. माह्या एकतीसच्या एकतीस बाया इथं येतील. एक बी कमी नाई. अल्का मुकादम राहील."

केशोराव म्हणाला, "अट कायले घालतो? मी तेच म्हननार होतो."

"तू म्हननार होता हे मले कसं समजन? सांगत तं जा."

रिंकूनं पडद्याकडे वळून होकार कळवला. कागद गुरुवारपर्यंत येतील, असं बाई म्हणाली. लॅपटॉप बंद करण्याआधी तिनं विचारलं की, ते वयस्कर गृहस्थ तुमचे कोण. रिंकू म्हणाली, "माझे मोठे बाबा."

*

भट्टी विझवायला मनिरामला तीन आठवडे लागले. हातातली लाख संपवायची होती. शेवटच्या दिवशी कवडू मिस्त्रीनं चपड्याचा शेवटचा पापुद्रा ओढला. बत्तीस वर्षं तो हे करत होता. ऊब अंगावर घेत, पायाच्या बोटांत एक कड, दातांत दुसरी, हातांत दोन बाजू, आणि गरम लाख चादरीसारखी पातळ पातळ होत जायची. केशोरावकडे हे काम मशीन करत असे.

"तू बी चाल," मनिराम म्हणाला. "केशो तुले ठेवन. मी बोललो आहे."

"तिथं माह्या हाताचं काम नाई, मालक," कवडू म्हणाला. "नुसता बसून पगार घेनं मले जमनार नाई. पोराजवळ रायपूरले जातो." त्यानं तो पापुद्रा उजेडात धरला. मधासारखा रंग, कुठे डाग नाही. मनिरामला तो देऊन तो अंगावर पाणी घ्यायला गेला. मनिराम बराच वेळ भट्टीसमोर उभा राहिला. बापाचं काम आपल्या हातानं बंद झालं, हे त्याला कुणाला सांगता आलं नाही. नंदाबाईंना घरी गेल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की, उद्यापासून लवकर निघावं लागेल, कुडवा दूर आहे. त्यांनी त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "केशोले सांगा, रविवारी जेवाले येजो म्हना. मी बोलावलं म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टेम्पोंतून बाया निघाल्या. हिमांशू पुढच्या टेम्पोत, मनिराम मागच्यात, चालकाशेजारी. कुडव्याच्या नाक्यावर अल्काची नणंद रोजच्यासारखी वळणार होती. टेम्पो थांबवून अल्कानं तिला हाताला धरून वर घेतलं. बाया सरकल्या आणि जागा झाली.

कारखान्याच्या फाटकाशी केशोराव उभा होता. रिंकू मागे, हातात बायांच्या नावांची यादी. अल्का सगळ्यांत आधी उतरली आणि आत शिरली, तिच्या मागे एकेक करून बाकीच्या. नणंदेला सोडून तीस, एकतीस. केशोरावनं त्या मोजल्या, आणि मनिरामनं त्याला मोजताना पाहिलं.

मग दोघंच उरले. टेम्पो वळून गेले होते. एवढ्या वर्षांत मनिराम या फाटकासमोरून हजारदा गेला असेल, तोंड रस्त्याकडे ठेवून.

"भाऊ," केशोराव म्हणाला. "तवा मी तुले इच्याराले पायजे होतं."

मनिरामनं त्याच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "पायजे होतं."

आणि तो आत गेला. चार पावलांवर थांबून त्यानं मागे वळून पाहिलं, कारण केशोराव अजून फाटकातच उभा होता.

"ये ना," तो म्हणाला. "तुहाच कारखाना आहे."

"आपला," केशोराव म्हणाला, आणि आला.